दुपटीपेक्षा तीन जास्त

प्रकाशकाने परत पाठवलेलं हस्तलिखित क्षसरांच्या टेबलावर पडलं होतं. त्याच्या पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘गणितं जिवंत नाहीत.’

चौतीस वर्षं शाळेत बीजगणित शिकवून सर निवृत्त झाले होते. कुठलंही शाब्दिक उदाहरण आलं की फळ्याकडे वळून ‘क्ष मानू’ म्हणायची त्यांची सवय. मुलांनी त्यावरून त्यांचं नाव क्षसर पाडलं आणि पुढे पुढे शिक्षकांच्या खोलीतही तेच चालू झालं. निवृत्तीनंतर रिकामं बसवेना म्हणून त्यांनी सातवीच्या मुलांसाठी समीकरणांची सराववही लिहिली होती. चौतीस वर्षांत कोणी त्यांच्या गणिताला नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी लगेच प्रकाशकाला फोन लावला.

“गणितं चुकलीत का कुठं?”

“छे हो, सगळी बरोबर आहेत. पण एका संख्येची दुप्पट, एका संख्येची तिप्पट, पोरांना झोप येते सर. माणसं घाला की त्यात. तुमच्या घरात रोज काहीतरी घडतच असेल. तेच घाला.”

सरांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते घरात वही घेऊन फिरू लागले. बायको स्वेटर विणत होती, तिचे टाके मोजले. वरच्या मजल्यावरचे शेजारी जिना चढताना मध्ये कितव्या पायरीवर दम खायला थांबतात, ते दाराआडून पाहिलं. दूध उतू गेलं तेव्हा बायको आधी गॅसकडे धावली आणि सर आधी वहीकडे. आठवड्याभरात चाळीसपैकी एकोणचाळीस गणितं तयार झाली. शेजारी, दूधवाला, बायको, सगळे त्यांत होते. स्वतः सर मात्र एकाही गणितात नव्हते, पण ते काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

तेविसाव्या गणितापाशी गाडी अडली होती. तिथे ‘दुपटीपेक्षा तीन जास्त’ अशी मांडणी हवी होती आणि तशी वागणारी वस्तू घरात सापडत नव्हती. दोन दिवस सर त्यावर अडून बसले. मग अंघोळ करताना त्यांना एकदम मोठ्या बहिणीची आठवण झाली. गेल्या वर्षी ताई राहायला आली होती. सात दिवस राहीन म्हणाली आणि सतरा दिवस राहिली. सातची दुप्पट चौदा आणि वर तीन. हरवलेलं झाकण नेमकं डब्यावर बसावं तसं बसलं. सर टॉवेल गुंडाळूनच टेबलापाशी आले आणि त्यांनी लिहून टाकलं:

‘एक बहीण भावाकडे राहायला आली. जितके दिवस राहीन असे ती म्हणाली, त्याच्या दुपटीपेक्षा तीन दिवस जास्त राहिली. ती एकूण सतरा दिवस राहिली असेल, तर किती दिवस राहीन असे म्हणाली होती?’

सराववही छापून आली आणि बऱ्याच शाळांनी घेतली. ताईच्या गावातल्या शाळेनेही घेतली. तेवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण ताईची नात नेमकी सातवीत होती, म्हणून सरांनी हौसेने एक प्रत वेगळी तिच्या नावाने पाठवली. आत सही करून लिहिलं, ‘मामाआजोबांकडून. रोज एक तरी सोडव.’

ताईचा दर रविवारी सकाळी दहाला फोन यायचा. वर्षानुवर्षांचा रिवाज होता. त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारी सरांनीच केला, तर नातीने उचलला.

“आजी अंघोळीला गेलीये.”

त्याच्या पुढच्या रविवारी आजी भाजी आणायला गेली होती. चौथ्या रविवारी नात म्हणाली, “आजी ना...” मागून ताईचा स्पष्ट आवाज आला, “झोपलीये म्हणून सांग.” सकाळचे दहा वाजले होते.

“काय झालंय गं?” सरांनी विचारलं.

नात फोन घेऊन बहुधा गॅलरीत गेली. हळू आवाजात म्हणाली, “मामाआजोबा, ते तेविसावं गणित.”

“चुकलंय का?” सरांनी घाईने विचारलं.

“नाही. सात येतं उत्तर. बाईंनी फळ्यावर घेतलं होतं. सगळी मुलं हसली. म्हणून मी घरी येऊन आजीला दाखवलं. म्हटलं, आजी, तू पण त्यांच्याकडे सतराच दिवस होतीस ना? मग आजीने वही घेतली आणि खूप वेळ नुसती बघत बसली.”

सरांनी फोन ठेवला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “काय म्हणतात वन्सं?” तेव्हा ते म्हणाले, “झोपलीये.” मग बाहेर जाऊन त्यांनी प्रकाशकाला फोन केला.

“तेविसाव्या गणितातली बहीण काढून टाका.”

“सर, सहा हजार प्रती गेल्यात.”

“काहीतरी करा. शुद्धिपत्र काढा.”

“बरं, बहिणीच्या जागी काय घालू?”

“काहीही घाला हो. बहीण नको.”

प्रकाशक शब्दाचा पक्का निघाला. पंधरा दिवसांत त्याने प्रत्येक शाळेला गुलाबी कागदाची एकेक चिठ्ठी पोचवली. व्याकरणाच्या बाबतीत तो काटेकोर होता, त्यामुळे चिठ्ठी लांबली होती. ‘गणित क्र. २३ मध्ये “बहीण” ऐवजी “मेहुणा” असे वाचावे. “भावाकडे” ऐवजी “बहिणीच्या नवऱ्याकडे” असे वाचावे. “आली”, “ती”, “म्हणाली”, “राहिली”, “होती” या ठिकाणी अनुक्रमे “आला”, “तो”, “म्हणाला”, “राहिला”, “होता” असे वाचावे.’ ज्या मुलांनी ते गणित न पाहताच पान उलटलं होतं, त्यांनीही आता ते शोधून काढून वाचलं.

एक चिठ्ठी लेखकाच्या माहितीसाठी घरी आली आणि ती बायकोच्या हाती पडली. ती सरांसमोर येऊन उभी राहिली.

“माझा भाऊ तुमच्याकडे शेवटचा कधी राहिला?”

“तो कुठे राहतो? सकाळी येतो, संध्याकाळी जातो.”

“मग सतरा दिवस कोण राहिला? मी आत्ता सराववही उघडून पाहिलं. उद्या त्याच्या शाळेतल्या पोरांनी हे वाचलं, तर तो काय म्हणेल? तोही मास्तरच आहे.”

“अगं, तो तुझा भाऊ नाहीये. प्रकाशकाने आपल्या मनाने मेहुणा घातला.”

“मग आधी होती ती बहीण कोण?”

सर चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

“ताई,” ते शेवटी म्हणाले. “पण मी नाव कुठे लिहिलंय?”

बायको खुर्ची ओढून बसली आणि तिने आपला उजवा हात टेबलावर, त्यांच्या वहीवर ठेवला. मनगटापाशी हाड किंचित वर आलेलं दिसत होतं.

“ह्याला काय झालं होतं, आठवतंय का तुम्हाला?”

सरांना आठवत होतं. ताई येऊन पाच दिवस झाले होते. सहाव्या दिवशी सकाळी बायको न्हाणीघरात घसरून पडली आणि मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी ताईची पिशवी भरून दारात ठेवलेली होती. तेव्हा सरच तिच्या आडवे गेले होते. “ताई, तू गेलीस तर मला साधा चहा करता येत नाही,” असं म्हणाले होते. ताईने पिशवी परत आत नेली. मग दहा दिवस तिने दोघांचा स्वयंपाक केला, कपडे धुतले, वहिनीची वेणी घातली, तिला हाताने भरवलं. वहिनीला डाव्या हाताने चमचा धरता यायला लागला, तेव्हा ती गेली.

सरांना आठवत सगळंच होतं. पण आकडा एका कप्प्यात होता आणि प्लास्टर दुसऱ्यात. गणित लिहिताना त्यांनी एकच कप्पा उघडला होता.

“उद्या पहिल्या गाडीने जा,” बायको म्हणाली.

चार तासांच्या प्रवासात सरांनी काय बोलायचं ते तीनदा पाठ केलं. ताईने दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ये बाळू. जेवून आलास की जेवायचंय?” त्यामुळे पाठ केलेलं सगळं दारातच राहिलं.

ताई परत खिडकीपाशी जाऊन नातीच्या शाळेच्या शर्टाला बटण लावत बसली. सर समोर बसले. सुई दोनदा आत-बाहेर झाली.

“ताई, ते गणित.”

“गणित बरोबर आहे रे तुझं,” ती वर न बघता म्हणाली. “मी स्वतः सोडवून पाहिलं. मला तुमचं ते क्ष-बिक्ष येत नाही. मी आपली अंदाजाने करत गेले. आधी पाच धरले. नाही जमलं, तेरा आले. बरं वाटलं. म्हटलं, असेल दुसरीच कोणी बहीण. मग सहा धरले, पंधरा आले. मग सात धरले.”

तिने दोरा दातांनी तोडला.

“सातला बसलं.”

सरांनी आयुष्यात हजारो उत्तरं तपासली होती. बरोबर उत्तराने कोणाला इतकं वाईट वाटलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

“चुकलं माझं, ताई. मी ते प्लास्टरचं लिहायला हवं होतं.”

“गणितात कुठे लिहिणार प्लास्टर? त्याची दुप्पट करायचीय का कोणाला?” ताई शर्टाची घडी घालू लागली. “मुलांनी वर्गात विचारलं म्हणे, एवढे दिवस का राहिली ती? बाई म्हणाल्या, ते गणितात दिलेलं नाही, पुढचं घ्या. नातीला माहीत होतं, पण पोरगी लाजली. बाईंचंही बरोबर आहे म्हणा. दिलेलं नाही, तर त्या तरी काय सांगणार?”

थोड्या वेळाने ताईने त्यांना जेवायला वाढलं. त्यांना आवडते तशी आमटी पातळ केली होती. ते आणखीच जड गेलं.

निघताना ते म्हणाले, “थोडे दिवस ये. हिने मुद्दाम सांगितलंय.”

“बघते,” ताई म्हणाली.

दोन महिन्यांनी ती आली. दारातच चपला काढता काढता म्हणाली, “चार दिवसांसाठी आलेय हं.” सर आणि त्यांची बायको दोघंही एकमेकांकडे न बघता हसले.

चारही दिवस ती पूर्वीसारखीच वागली. गप्पा मारल्या, स्वेटरचा गळा सुधारून दिला, सरांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावलं. तिसऱ्या दिवशी सरांच्या बायकोने उजवं मनगट चोळत म्हटलं, “वन्सं, परत दुखतंय हो हे. अजून आठेक दिवस राहिलात तर.” ताईने हात हातात घेतला, तेल लावून चोळून दिला, इकडेतिकडे वळवून पाहिला. “छान बरा झालाय,” ती म्हणाली.

चौथा दिवस संपला. पाचव्या दिवशी सकाळी पिशवी दारात होती.

“ताई, राहा ना,” सर म्हणाले. “घाई काय आहे?”

“घाई नाही. सांगितले तेवढे झाले.”

“मी आता कुठे काही लिहीत नाही. प्रकाशकाला कळवूनही टाकलंय.”

“माहितीये रे. चल, गाडी चुकेल.”

सरांनी पिशवी उचलली. स्टँडपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा होता. ताई पुढे आणि ते मागे, असे दोघं चालले. गाडी लागलेलीच होती. ताई खिडकीशी बसली. सर खाली उभे राहून खिडकीची दांडी धरून म्हणाले, “परत कधी येशील?”

“येईन की.”

“किती दिवस येशील?”

ताईने जरा विचार केला. “ते नाही सांगणार बाबा आता,” ती म्हणाली. चेहऱ्यावर राग नव्हता. कंडक्टरने घंटी दिली आणि सरांना दांडी सोडावी लागली.

घरी आले तेव्हा बायको आतल्या खोलीत ताईच्या कॉटवरची चादर काढून घडी घालत होती.

“काय म्हणाल्या?”

“येते म्हणाली.”

“किती दिवस?”

“ते नाही सांगितलं.”

बायकोने हातातल्या घडीकडे पाहिलं. मग तिने ती चादर पुन्हा उलगडली, कॉटवर पसरली आणि चारही कोपरे नीट ताणून खोचले.