बाळारामकाकांची मंडळी

आमच्या सोसायटीत रोज सकाळी सात वाजता एक गृहस्थ लोखंडी टाकीला कान लावतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "काय मंडळी, जेवलात का?"

टाकीत आमच्या सगळ्या घरांचा मैला असतो.

हे गृहस्थ म्हणजे बाळारामकाका, आमच्या सांडपाणी प्लांटचे ऑपरेटर. मी सोसायटीची सेक्रेटरी. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची यादी असते आणि त्या याद्या कुठे ठेवल्यात त्याचीही एक यादी असते. काका कामाला लागले त्या आठवड्यात मी लिहून ठेवलं होतं, 'ऑपरेटर टाकीशी बोलतो. कंपनीला कळवणे.' ते कळवायचं राहिलं. फार बरं झालं.

आमची सोसायटी दहिवलीच्या टोकाला आहे. बिल्डरने बाग दिली, कारंजं दिलं, पण मैल्याची सोय शोषखड्ड्यांवर भागवली. वस्ती वाढली तसे खड्डे भरून वाहायला लागले आणि घाण खालच्या ओढ्यात उतरली. ओढ्याकाठच्या बायका एका सकाळी बादलीभर पाणी घेऊन गेटवर आल्या. "ह्यात तुमी भांडी घासून दाखवा," म्हणाल्या. ही घाण थांबवण्याचा शब्द मी त्यांना तिथेच दिला.

सिमेंटचा मोठा प्लांट बांधायची आमची ऐपत नव्हती, कारण निम्मे फ्लॅट शनिवार-रविवारपुरतेच उघडतात. शेवटी एका कंपनीने ट्रेलरवरून एक तयार डबा आणून ठेवला. त्यातच टाक्या, त्यातच हवेचा पंप. डबा विकत घ्यायचा नाही, जेवढी घरं राहती तेवढंच भाडं द्यायचं, आणि वस्ती वाढली की शेजारी दुसरा डबा जोडायचा. अट एकच होती. पहिल्या तीन महिन्यांचे पाण्याचे तिन्ही नमुने पास झाले तर करार पक्का, नाहीतर डबा परत.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, ही मंडळी कोण?"

"जिवाणू, ताई. डोळ्याला दिसत नाय, पन समदी घाण तेच खातात. आपुन फक्त हवा द्यायची नि येळेवर जेवू घालायचं."

काकांनी साजगावच्या एका बिस्किट कारखान्याच्या प्लांटवर उभी हयात काढलेली. तिथून निवृत्त झाले आणि आमच्याकडे आले. त्यांच्या मते आमच्या मंडळींचे फार हाल. "शनवार-रैवार अजीर्न, सोमवार ते शुक्रवार उपास!" म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांत ते टाकीत गूळ आणि शेण कालवून घालत. किराणाच्या बिलात गूळ बघून खजिनदारांनी विचारलं होतं, "पुरणपोळ्या कुणाकडे?"

पाण्यावरून काकांना घराघरातलं कळायचं. "बी विंगला काल मटान हुतं. तेल बगा केवडं आलंय." फेस वर आला की थेट इंटरकॉम, "वयनी, साबण जरा बेतानं वापरा ना. आमच्या मंडळींचे डोळे चुरचुरतात." मंडळींना डोळे नसतात, हे सांगायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही.

त्यांचं खरं दैवत म्हणजे एक उभी काचेची बरणी. रोज त्यात टाकीतलं गढूळ पाणी भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. गाळ खाली बसला आणि वर पाणी निवळलं, तर मंडळी खुशाल. मी बहुतेक रोज पाच मिनिटांची तपासणी करायला जायचे. "झालं का, काका?" विचारलं की एकच उत्तर, "बसू द्या, ताई. बसल्याबिगर कळत नाय."

मला अर्धा तास कुठला? यादीत खूण करायची आणि निघायचं. निघता निघता मात्र एक आठवण रोज द्यायचे. प्लांटजवळ दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, माणूस एक. 'जादा खुर्ची क्लबहाऊसला परत' हे माझ्या यादीत पहिल्या आठवड्यापासून लटकत होतं. काका म्हणायचे, "उद्या देतो."

दोन नमुने पास झाले आणि मी घोटाळा केला.

स्वच्छता मोहीम माझीच कल्पना. प्रत्येक घराला संडास धुवायच्या जालीम औषधाची बाटली वाटली. रविवारी सकाळी दहा वाजता मी अंगणात शिट्टी वाजवली आणि सगळ्या घरांनी एकदम बाटल्या ओतल्या. एकही घर चुकलं नाही. अशी शिस्त मी आयुष्यात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हाक ऐकू आली नाही. मी खाली गेले. टाकीवर पांढुरका फेस, वास सोसवेना. काका टोपी काढून उभे होते.

"गेली, ताई. समदी गेली."

"माझ्यामुळे?"

"येकयेक घरानं टाकलं असतं तर सोसलं असतं वो त्यांनी. तुमी शिट्टी वाजवून मारलंत."

तिसऱ्या नमुन्याला तेरा दिवस होते. ओढ्याकाठच्या बायकांना मी स्वतः शब्द दिला होता. मी यादी करायला बसले आणि पहिल्यांदाच पहिल्या ओळीत काय लिहावं ते सुचेना. काकांनी तोवर टेंपो बोलावला होता. साजगावला जाऊन जुन्या कारखान्यातून दोन पिंप जिवंत गाळ, म्हणजे तिथली मंडळीच, मागून आणला. पिंपांची झाकणं उघडी. साजगाव ते दहिवली, सगळा रस्ता हा माणूस मागे उभा राहून काठीने गाळ ढवळत आला. टेंपोवाला नाकाला रुमाल बांधून ओरडत होता, "अरं काका, झाकन लाव की रं!"

"आनि त्यांनी श्वास कुटनं घ्यायचा?" काका म्हणाले.

त्यानंतर गूळ, शेण, हवा आणि रोज बरणी. मी दिवसातून चारदा खाली उतरायचे, दारातूनच विचारायचे, "बसतंय का?" काका नकाराची मान हलवायचे. सातव्या दिवशी गाळ थोडा बसला. बाराव्या दिवशी काकांनी माझ्या हातातली यादी घेतली, बरणीच्या मागे धरली आणि म्हणाले, "वाचा."

बरणीच्या वरच्या अर्ध्या पाण्यातून मला माझं अक्षर दिसत होतं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं. ज्याच्याकडे आम्ही नाक दाबूनसुद्धा बघत नव्हतो, त्यातून या माणसाने, कुणाला नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाही अशा जिवांना जेवू घालून, हे पाणी काढलं होतं. मी उभ्या उभ्याच यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

नमुना पास झाला. करार पक्का करायला कंपनीने प्लांटच्या नोंदवहीची प्रत मागितली, म्हणून ती वही मी पहिल्यांदाच नीट उघडली. वास, रंग, फेस, गाळ असे रकाने आखलेले. शेवटचा रकाना शेऱ्याचा.

'गाळ बसला. ताई आल्या. बसल्या नाय.'

पान उलटलं. 'गाळ बसला. ताई आल्या. बसल्या नाय.' पुढे, 'आज कोनी आलं नाय.' माझ्या मोहिमेनंतरच्या दिवसांत, 'गाळ बसला नाय. ताई चारदा आल्या. बसल्या नाय.'

काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पळसदरीला घर आहे, तिथे ते एकटेच असतात. मंडळींना रोज जेवलात का विचारता, असं मी एकदा हसून म्हटलं होतं, तर ते म्हणाले होते, "घरी कोनाला इचारू?" मी तेव्हा खूण करून निघून गेले होते.

वही मिटली आणि खाली गेले. काका बरणी भरत होते. मला बघून घाईघाईने म्हणाले, "खुर्ची देतो, ताई. आजच देतो."

"राहू द्या," मी म्हणाले, आणि तिच्यावर बसले.

काकांनी खांद्यावरचा पंचा काढला, खुर्चीच्या हातावरची धूळ आता, मी बसल्यावर, पुसली. मग बरणी आमच्या दोघांच्या मधे ठेवली.

"अर्धा तास लागंल हां, ताई."

"बसू द्या," मी म्हणाले.