सिस्टरमावशींची एक अट

करार कसलाही असो, सिस्टरमावशी तो स्वतः वाचत नाहीत. ज्यानं तो पुढं केला त्यालाच मोठ्यानं वाचायला लावतात आणि आपण डोळे मिटून बसतात. समोरच्याला वाटतं, म्हातारीला डुलकी लागली. दुसऱ्या पानावर मिटल्या डोळ्यांनीच आवाज येतो, "थांबा. हे कुणी लिहिलं?"

मावशी छावणी भागात आमच्या शेजारी राहतात, एकट्याच. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. रिटायर झाल्यावर हा उद्योग त्यांनी आपणहून मागं लावून घेतला. खासगी हॉस्पिटलं नर्सिंगच्या मुलींची फी भरतात आणि बदल्यात पास झाल्यावर काही वर्षं आपल्याकडंच नोकरी करायचं लिहून घेतात. त्याला बाँड म्हणतात. बाँड आला की मुलीचे आईबाप मावशींच्या दारात. मोबदला म्हणून मावशी फक्त चहा घेतात, तोही त्या हॉस्पिटलच्या कँटीनचा, बोलणी सुरू व्हायच्या आधी. पाणचट निघाला तर म्हणतात, "इथं पगार बी असाच असंल," आणि पदर खोचतात.

माझी भाची पल्लवी वेरूळची. तिला नर्सिंगला जागा मिळाली, पण फी बहिणीच्या आवाक्याबाहेरची. शहरातलं एक हॉस्पिटल सगळी फी भरायला तयार झालं. बदल्यात तीन वर्षं नोकरी. पल्लवी, मावशी आणि मी बोलणी करायला निघालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रवेशाची मुदत संपत होती. बोलणं फिसकटलं तर जागा गेली. मी सवयीप्रमाणं मुद्द्यांची यादी केली. रिक्षात मावशींनी ती मागून घेतली, घडी घातली आणि औरंगपुऱ्यातल्या हॉस्पिटलपर्यंत तिनंच वारा घेतला.

मॅनेजर तरुण होता, टाय लावलेला. मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलच्या ताब्यात राहतील, इथं पहिलं "थांबा" आलं. तुमची प्रमाणपत्रं कुणाकडं असतात, असं मावशींनी विचारलं. त्यानं ती ओळ खोडली. मग देखभालीच्या काळात उमेदवार बंद पडल्यास, असं काहीतरी आलं आणि तो आपणच थांबला. हा मसुदा एक्स-रे मशीनच्या करारावरून बेतलाय, असं त्यानं कबूल केलं. पल्लवीला हसू आवरेना. मावशी हसल्या नाहीत.

"वाचा, लाजू नका. स्वतःच्या तोंडानं वाचलं की माणसाला समजतं आपण काय मागतोय."

शेवटच्या पानापर्यंत तोच दुरुस्त्या सुचवायला लागला होता. तीन वर्षांची दोन झाली. मी थक्क होऊन पेन बाहेर काढलं.

तेवढ्यात मावशींनी डोळे उघडले. "आता माझी एक अट. पहिलं वर्षभर पोरीला वार्डात एकटीला सोडायचं नाय. दिवसा नाय, रातपाळीला तर नायच. संगं जुनी सिस्टर पाहिजे."

मॅनेजर ताठ झाला. एवढा स्टाफ कुठून आणू, म्हणाला. एकीला दिलं की सगळ्या मागतील. त्यानं फाइल मिटली. मी मावशींना कोपरानं ढोसलं. पल्लवी हळूच म्हणाली, "मावशी, मी करीन की एकटी."

"मी बी असंच म्हणले होते." मावशी तिच्याकडं वळल्या. "तुझ्याएवढी होते. रातपाळीला वार्डातल्या दोन बायांचा जीव एकदमच घाबरा झाला, अन् मी एकटी. एकीपाशी गेले, दुसरी गेली. तुझी चूक नाय, असं समदे म्हणले. मला अजून त्या खाटा दिसत्यात."

मग मावशी म्हणाल्या, "एक वर्ष परत दिलं तर लिहून देतील हे. पण वर्ष तुझं हाय, बाई. माझं नाय."

पल्लवीनं मॅनेजरकडं पाहिलं. "तीन वर्षं चालतील मला. मावशी म्हणतात तेवढं लिहा."

त्यानं लिहिलं. सह्या झाल्या.

खाली उतरताना जिन्याशेजारचा वार्ड लागला. जेवणाची वेळ होती. एक पोरगेली नर्स एकटीच इकडून तिकडं पळत होती. मावशी दारात थबकल्या. संगं कुणी हाय का, त्यांनी विचारलं. जेवायला गेल्यात, ती म्हणाली आणि पुन्हा पळाली.

मावशींनी पिशवी माझ्या हातात दिली आणि दाराजवळचं स्टूल ओढलं.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "तिच्या संगं कुणी येईस्तोवर बसते मी."