डबा खाली

ढवळेकाका कुणाला काहीही खायला देतात, तेव्हा खाणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून उभे राहतात. हात पाठीमागे, डोळे बारीक. पहिला घास जातो, दुसरा जातो. तिसऱ्याला ते हळूच विचारतात, "काही कळलं?"

आणि आपल्याला खरंच काही कळलं, म्हणजे पावभाजीत बटाटा नावाला आणि दुधीच जास्त आहे, किंवा कबाब राजम्याचे आहेत, असं आपण बोलून गेलो, की काकांचा चेहरा पडतो. ते मुकाट्याने प्लेट उचलतात आणि आत जातात. "जिभेला कळता कामा नये," एवढाच त्यांचा स्वयंपाकातला नियम. तो मोडला की त्यांच्या दृष्टीने पदार्थ नापास.

मी गोमती नगरला त्यांच्या समोरच्या दारात राहते. बदली होऊन सांगलीहून इथे उत्तरेत आले, घरचे सगळे तिकडेच राहिले. एकटी बाई, स्वयंपाकाचा भयंकर कंटाळा, आणि समोर मराठी बिऱ्हाड. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. आठवड्याभरात लक्षात आलं की मला जेवायला बोलावत नाहीत, तपासणीला बोलावतात. भूक लागलेली असायची. खोटं बोलावं तर काका उलटतपासणी घेत, खरं बोलावं तर प्लेट जाई.

काका मूळचे अमरावतीचे, रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर होते. नोकरीत असेपर्यंत त्यांनी घरात कधी चहासुद्धा केला नव्हता. निवृत्तीनंतर ते स्वयंपाकघरात शिरले ते शैलाकाकूंमुळे. काकूंना साखर, म्हणजे डायबेटिस, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, दुसराही त्याच वाटेवर. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली, दोनदा साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी दोन्ही वेळा परत पाठवलं.

बरं, काकू पथ्य पाळतील तर शपथ. "पथ्याचं आजारी माणसं खातात. मला काय झालंय?" असं त्या भिंतीवर हात टेकत टेकत येऊन विचारायच्या. ताटात पथ्याचा नुसता वास आला की ताट बाजूला. मग चाचपडत नानखटाईचा डबा गाठायचा. त्यांना दिसायचं नाही म्हणता म्हणता तो डबा मात्र बरोबर सापडायचा.

"अर्धपोटी माणूस बिस्किटं शोधतो," काका मला समजावून सांगायचे. "म्हणून पोट गच्च भरलं पाहिजे. आवडीचंच खातोय असं वाटलं पाहिजे. आणि साखर हलता कामा नये. सूप पाजून काय होते? सूप पिऊन कुणी झोपते काय?"

त्यामुळे त्या घरात आप्पेपात्रातले बटाटेवडे व्हायचे, त्यात बटाट्याऐवजी फ्लॉवर. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा चवीपुरता, बाकी भगर. जेवायला बसलं की कुणी बोलायचं नाही. काकू चावायच्या, काका बघायचे, मी पाणी प्यायचे. काकूंनी घास गिळला की काका श्वास सोडायचे.

तिसरी तारीख मिळाली तेव्हा काका पोळीच्या मागे लागले. काकू काही सोडतील, पण पोळी सोडणार नाहीत. गव्हात जव आणि हरभरे किती घातले की पोट भरतं आणि जिभेला कळत नाही, याचे प्रयोग सुरू झाले. पोळ्या लाटायला रेखा यायची. पोळी कधी वातड, कधी कडक. काकू एक घास घेऊन म्हणायच्या, "हे काय खेळ चालवलेत?" आणि काका नवीन मिश्रण घेऊन चक्कीवर.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. हिंदी मुलखात निम्मं आयुष्य काढलेला माणूस, पण ऑफिसचं हिंदी वेगळं आणि स्वयंपाकाचं वेगळं. "भैया, पीठ एकदम बारीक पीसना," काका म्हणाले. चक्कीवाल्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाबूजी, पीठ के लिए तो डॉक्टर को दिखाइए, हम तो आटा पीसते हैं।" रांगेतली माणसं हसली, मीही हसले. हिंदीत पीठ म्हणजे पाठ, हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण घाईत मराठीच तोंडातून निघालं. ते हसले नाहीत. "यापुढे बोलायचं नाही. सगळं लिहूनच देणार," एवढंच म्हणाले.

आणि त्यांनी लिहिलं. नव्या पिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला तर काकू चाचपडत उघडणार, वास घेणार, म्हणून तो खालच्या कपाटात हवा होता. काकांनी रेखासाठी डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'डबा खाली', आणि ते निर्धास्त होऊन भाजी आणायला गेले.

त्या दिवशीच्या पोळीचा मी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. काका पुढे झुकले. "काही कळलं?"

"नाही हो काका," मी म्हटलं, आणि पहिल्यांदाच 'नाही' म्हणताना खरं बोलत होते. "साधी पोळी आहे."

काका मटकन खुर्चीत बसले. काकूंनी चार पोळ्या खाल्ल्या आणि वर विचारलं, "आज रेखाचा हात बरा लागलाय, नाही?" काकांनी ओठ घट्ट मिटून माझ्याकडे पाहिलं. मग रोजच तसं होऊ लागलं. काकू चार-चार पोळ्या खात होत्या आणि काका खुशीत होते. "जमलं," ते मला जिन्यात गाठून सांगायचे. "जव आहे, हरभरे आहेत, आणि तिला पत्ता नाही!"

तपासणीच्या आदल्या दुपारी त्यांनी मला तो डबा दाखवायला बोलावलं. खालचं कपाट उघडलं तर डबा नाही. डबा वरच्या फळीवर मोठ्या डब्यांच्या मागे होता, लख्ख घासलेला, चिकटपट्टीखाली चिठ्ठी जागच्या जागी. काकांनी झाकण काढलं, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि रेखाला हाक मारली.

"आप ही तो लिखे थे, डब्बा खाली," रेखा म्हणाली. "हम समझे कीड़ा लग गया होगा। गाय को डाल दिए। फिर डब्बा धो-सुखा के वो मेहमान वाला बढ़िया आटा भर दिए।"

हिंदीत खाली म्हणजे रिकामा. रेखाचं काही चुकलं नव्हतं. मला हसू येत होतं, पण काकांकडे पाहिलं आणि ते तिथेच थांबलं. त्यांनी चिठ्ठी सोलून काढली आणि ते दोन शब्द वाचत उभे राहिले. ओरडले नाहीत. रेखाला "तू जा बेटा" म्हणाले.

"तपासणी पुढे ढकलू या का?" मी विचारलं.

"तारीख गेली तर पुन्हा कधी मिळेल?" ते म्हणाले. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मीनल, मी समोर उभा राहिलो आणि बोललो नाही, तर ती विचारते, कोण आहे म्हणून. मलाच विचारते."

त्या दिवशी त्यांनी काकूंना मूगडाळीची धिरडी घातली. काकूंनी पोळी मागितली, काका म्हणाले रेखा आली नाही.

सकाळी ई-रिक्षाने आम्ही तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. रक्त दिलं. बाकावर बसलो. काका उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. रिपोर्ट आला तेव्हा वाचायची गरजच नव्हती, डॉक्टरांच्या मानेवरून कळलं. "माताजी, तीन हफ्ते बाद देखते हैं। खाने पर थोड़ा कंट्रोल कीजिए।"

"कंट्रोल? मी काय माझ्या मनाचं खाल्लं का?" काकू बाहेर येऊन कडाडल्या. "यांनी वाढलं तेच खाल्लं!"

मग काकांनी सगळं सांगून टाकलं. दुधी, राजमा, फ्लॉवर, भगर, जव, चिठ्ठी, गाय. एकही गोष्ट लपवली नाही. माणसं वळून बघत होती. काकू ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "म्हणजे इतके महिने मला फसवून खाऊ घातलंत. आंधळी आहे म्हणून."

त्या उठल्या आणि भिंत चाचपत एकट्याच निघाल्या. मी हात पुढे केला, तो झिडकारला. पण पायऱ्यांपाशी पाय अडखळला आणि हवेत गेलेल्या हाताने काकांचा हात धरला. धरला आणि त्या थांबल्या. अंगठ्याने त्यांच्या बोटांची टोकं एकेक करून चाचपू लागल्या.

मी पाहिलं. काकांच्या दहाही बोटांवर बारीक काळे ठिपके होते. कातडी राठ झालेली.

दोन वर्षांपूर्वी काकूंची बोटं तशीच झाली होती, हे मला नंतर कळलं. रोज घरच्या यंत्रावर टोचून घ्यायच्या. एक दिवस कंटाळून त्यांनी यंत्र माळ्यावर टाकायला लावलं आणि घरात पुन्हा कुणाला आपल्याला टोचू द्यायचं नाही असं ठरवलं.

"तुम्हाला कधी झाली साखर?" काकूंनी विचारलं. आवाज पार बदलला होता.

"मला कुठं झाली."

"मग हे काय आहे?"

"नवीन काही केलं की आधी मी खायचो. दोन तासांनी माळ्यावरचं यंत्र काढून बघायचो, किती वाढते." काका पायरीकडे बघत होते. "तू टोचू देत नाहीस ना."

"अहो, तुमच्या रक्तावरून माझी साखर कशी कळेल?"

"डॉक्टरही तेच म्हणाले."

"मग तरी?"

काकूंनी हात सोडला नाही. तसाच धरून त्या सगळ्या पायऱ्या उतरल्या, रिक्षात बसल्यावरही धरूनच होत्या. मी पुढे बसले आणि मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं.

रिक्षा निघाली. मग काकू म्हणाल्या, "उद्या काय करणार आहात?"

"पोळ्या," काका म्हणाले आणि सवयीने गप्प झाले.

"सांगा ना. काय काय घालणार ते नीट सांगून करा. मी खाईन."

काकांनी घसा साफ केला. गहू निम्मे, म्हणाले, जव पाव, हरभरे थोडे कमी, मूठभर मेथी. बरोबर दुधीचे मुटके, वाफवलेले. मी न राहवून आरशात पाहिलंच. काकू डोळे मिटून ऐकत होत्या आणि अंगठा अजून त्या बोटांवरून फिरत होता.

"मेथी जरा कमी घाला," त्या म्हणाल्या.