शेवटी एस.टी. येते

आमच्या शिगवण काकांनी सुचवलेल्या प्रत्येक सिनेमाच्या शेवटी एस.टी. येते. सिनेमा डाकूंचा असो, कोर्टकचेरीचा असो, नाहीतर श्रीमंत बापाच्या एकुलत्या एका मुलीचा असो. शेवटच्या पाच मिनिटांत धुरळा उडवत लाल गाडी येते. आधी कंडक्टर उतरतो, मग हातात पत्र्याची ट्रंक घेऊन तो घर सोडून गेलेला माणूस उतरतो, आणि दारात त्याची आई उभी असते. काकांच्या शिफारशीवरून मी आजवर नऊ-दहा सिनेमे पाहिले असतील. एकातही एस.टी. आली नाही.

काका आमच्या बाळकुमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. ठाण्याला खोपटच्या एस.टी. डेपोत ते वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, माइक सुटला, सवय सुटली नाही. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते त्यांना कोणी विचारत नाही. सत्तरीला आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये एवढी रीत आमच्या सोसायटीत आहे. बाकी सगळं विचारतात.

लिफ्टशेजारी नोटिसांचा काळा फळा आहे. त्याचा डावा कोपरा काकांचा. दर सोमवारी सकाळी सात वाजता ते खाली येतात, ओल्या फडक्याने तेवढाच कोपरा पुसतात आणि खडूने ‘या आठवड्याची गाडी’ लिहितात. सिनेमाचं नाव अगदी खाली, बारीक अक्षरात. नावावरून गाडी कुठे जाते ते कळत नाही असं त्यांचं म्हणणं. म्हणून वर ठळक अक्षरांत असतं: ‘गाव – मुंबई – गाव, मार्गे तुरुंग. जलद.’ किंवा ‘हवेली – इस्पितळ – हवेली, मार्गे गैरसमज. साधी.’ एकदा एका तीन तासांच्या सिनेमाला त्यांनी ‘विनाथांबा. आधी जाऊन यावे’ असा शेरा दिला होता. आणि प्रत्येक वेळी शेवटची ओळ तीच: ‘शेवटी एस.टी. येते.’

हे सगळे सिनेमे ऐंशी ते नव्वद या दहा वर्षांतले. त्याच्या अलीकडचं काही नाही, पलीकडचं काही नाही. मी एकदा जरा नंतरच्या, चांगल्या गाजलेल्या सिनेमाबद्दल त्यांचं मत विचारलं. ते म्हणाले, “ती आपल्या डेपोची गाडी नाही. पुढच्या खिडकीवर चौकशी करा.” पुढची खिडकी कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही.

फळ्याशिवाय ते लिफ्टमध्येही सिनेमे सुचवतात, पण सरसकट नाही. आधी तोंडाकडे बघतात. “तुमचं आज ऑफिसात वाजलेलं दिसतंय. तुम्ही निमआराम घ्या. चार गाणी, एकच खून.” मग तो सिनेमा त्यांनी कुठे पाहिला ते सांगतात. कल्याणला कुठल्या थेटरात, कितव्या रांगेत, डोक्यावरचा पंखा चालू होता की बंद. त्यांचा दुसरा मजला मागे पडतो, आमचा चौथा येतो तरी इंटरव्हल झालेलं नसतं. मग काका दारात पाय ठेवून उभे राहतात आणि लिफ्ट कोकलत राहते.

माझी बायको मेधा एकदा त्यांच्या सांगण्यावरून एक सिनेमा अगदी ‘समाप्त’पर्यंत बघत बसली. सेन्सॉरच्या सर्टिफिकेटपासून शेवटच्या पाटीपर्यंत सगळं बघून झालं. ती मला म्हणाली, “अरे, एस.टी. कुठाय?” दुसऱ्या दिवशी तिने काकांना गाठलं.

“काका, हिरो तर लंडनला होता. लंडनला एस.टी. कशी येईल?”

काका शांतपणे म्हणाले, “लंडनहून विमानाने मुंबईला आला. मुंबईहून पुढे गावाला काय चालत येणार?”

मेधाने हे मान्य केलं. ती कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते.

सगळं असंच चाललं असतं, पण सहाव्या मजल्यावरच्या देशमुखांनी लेखी तक्रार केली. देशमुख सरकारी खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी लिहिलं होतं: ‘फळ्यावर नमूद केल्याप्रमाणे सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. एस.टी. आढळली नाही. सबब योग्य ती कार्यवाही व्हावी.’

तक्रार सेक्रेटरी म्हात्र्यांकडे गेली. आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे म्हात्र्यांच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. त्यामुळे इमारतीत कुठे काही बिघडलं की म्हात्रे ते आपल्याच शेतात बिघडल्यासारखं बघायला येतात. त्यांना तो फळ्याचा कोपरा टँकरच्या वेळांसाठी हवाच होता. मीटिंगमध्ये ते म्हणाले, “काका, राग मानू नका. पन फल्यावर खोटा कसा लिवायचा? टँकर कदी येनार त्याला जागा नाय, आन जी गाडी येतच नाय ती फल्यावर हाय.”

काका म्हणाले, “येते.”

“मंग दाखवा.”

असा ठराव झाला. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये काकांच्या पसंतीचा एक सिनेमा पडद्यावर दाखवायचा. शेवटी एस.टी. आली तर कोपरा काकांचा. नाही आली तर कोपरा टँकरचा. हे बाकीच्यांना गमतीचं वाटलं. पण मी काकांकडे बघत होतो, आणि ते ज्या पद्धतीने “ठीक आहे” म्हणाले ते मला ठीक वाटलं नाही. त्या कोपऱ्याखेरीज आणि लिफ्टखेरीज त्या माणसाला बोलायला दुसरी जागा नव्हती, हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

प्रोजेक्टरची जबाबदारी माझ्याकडे आली. मी सोसायटीचा सांस्कृतिक सदस्य आहे, म्हणजे निवडणुकीच्या दिवशी मी गैरहजर होतो. काकांनी सिनेमाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. हा त्यांनी आजवर फळ्यावर कधी लावलेला नव्हता. मी गुरुवारी तो घरी पूर्ण बघितला. नाव तुम्हाला सांगत नाही. तुम्ही शोधून बघाल आणि मला दोष द्याल. गोष्ट साधी होती. घरात भांडण होतं, थोरला मुलगा शहरात निघून जातो, धाकटा आईपाशी राहतो. शेवटी आई उंबऱ्यावर बसलेली आहे, समोर रिकामा रस्ता आहे, आणि ‘समाप्त’ येतं. एस.टी. सोडाच, साधी बैलगाडीसुद्धा येत नाही.

शनिवारी सकाळी मी काकांकडे गेलो. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच जात होतो. एक खुर्ची, एक टेबल, आणि खिडकीशी एक लोखंडी खाट, तिच्यावर धुतलेली चादर ताणून घातलेली. काका स्वतः जमिनीवर गादी टाकून झोपत असावेत, कारण ती गुंडाळी कोपऱ्यात होती.

मी म्हटलं, “काका, आपण दुसरा घेऊ. ह्यात एस.टी. येत नाही.”

“कशातच येत नाही,” ते म्हणाले, आणि साखर किती घालू ते विचारलं.

मला वाटलं होतं ते वाद घालतील. शेवट कापलाय म्हणतील. त्यांनी चहा दोन कपांत गाळला आणि गॅसपाशी उभ्याउभ्याच सांगायला लागले.

“ऐंशी साली माझा थोरला भाऊ घरातून गेला. सुरेश. आम्ही खोपटलाच राहायचो, चाळीत. कामधंदा बघत नाही म्हणून आई त्याला बोलली, तर भरल्या ताटावरून उठला तो. त्याच पावसाळ्यात आईला लकवा झाला. ती ह्या खाटेवर दहा वर्षं होती.”

“आणि तुम्ही एकटे?”

“मी ड्युटीवर असलो की शेजारच्या वहिनी बघायच्या. मी घरी आलो की आई विचारायची, आज कुठून कुठून गाड्या आल्या? मी सगळ्या सांगायचो. देवरुख, लांजा, महाड, सगळ्या. सुरेशचं नाव ती कधी काढायची नाही. नुसत्या गाड्या विचारायची. मग वहिनीच म्हणाल्या, तिला जरा दुसरं काहीतरी सांगत जा. म्हणून सुट्टीच्या दिवशी तीनचा शो बघायचा आणि घरी येऊन तिला पिक्चर सांगायचा असं सुरू केलं. पहिला बघितला तो हाच. कल्याणला गेलेलो. मला अक्कल नव्हती, जसा होता तसा सांगितला. तो परत येत नाही म्हणून सांगितलं. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस जेवली नाही.”

चहावर साय धरली होती, ती त्यांनी चमच्याने बाजूला केली.

“पुढच्या आठवड्यापासून एस.टी. आणायला लागलो. मला दुसरं काय येत होतं? दिवसभर गाड्या लावायचंच काम.”

“त्यांना कळलं नाही कधी? प्रत्येक सिनेमात एस.टी.?”

“कळत असणार. एकदा पिक्चर जरा लांबला, तर म्हणाली, बाळ्या, ह्याच्यातली गाडी जरा लवकर आण, मला झोप येतेय.”

ते हसले. मला हसता येईना.

“आई गेली नव्वदला. त्यानंतर मी एकही पिक्चर बघितलेला नाही. सांगायचा कोणाला?”

“आणि सुरेश?”

“नाही आला.” त्यांनी कप विसळून पालथे घातले. “पत्रसुद्धा नाही.”

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं या माणसाच्या विनोदावर मी लिफ्टमध्ये हसलो होतो आणि घरी येऊन त्याची नक्कल केली होती. मी म्हटलं, मी म्हात्र्यांशी बोलतो, त्यांना समजावतो, तुम्ही दुसरा कुठलाही सिनेमा घ्या, नाहीतर कार्यक्रमच रद्द करू. काका नको म्हणाले.

“निदान हा तरी नको, काका. हाच का घेतलात?”

“हा तेवढा नीट सांगायचा राहिलाय,” ते म्हणाले.

रविवारी हॉल भरला. निम्मी इमारत सिनेमाला नव्हे, एस.टी.ला आली होती. देशमुख वही घेऊन बसले होते. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेच्या कडेला. सिनेमा चालू असताना त्यांनी एकदाही पडद्याकडे बघितलं नसावं. मी प्रोजेक्टरपाशी होतो, मला त्यांची मान दिसत होती, ती खालीच होती. शेवट आला. आई उंबऱ्यावर बसली, समोरचा रस्ता रिकामा राहिला, ‘समाप्त’ आलं. मी दिवे लावले. कोणीतरी मागून “गेली गाडी” म्हणालं आणि थोडं हसू झालं. देशमुखांनी वहीत काहीतरी लिहिलं.

काका उठले. मी माइक पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मला वाटलं होतं, आता डेपोतला आवाज येणार. पण ते हळू बोलायला लागले, उशाशी बसून बोलतात तसं. मागच्या रांगा आपोआप गप्प झाल्या, कारण त्याशिवाय ऐकूच आलं नसतं.

“मग अंधार पडायच्या आत गाडी येते. लांज्याची. उशिरा येते, कारण घाटात टायर गेलेला असतो. आई म्हणते, आज काही गाडी येत नाही. धाकटा म्हणतो, येईल, जरा दम धर. तर लांबून धुरळा दिसतो. गाडी थांबते. कंडक्टर आधी उतरतो, म्हातारी माणसं उतरवून घेतो. मग सुरेश उतरतो. अंगाने खूप वाळलेला असतो. हातात ट्रंक असते. आईला वाटतं, आपण उठावं, पण तिला उठता येत नाही. तर तोच येतो आणि उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसतो. बोलत कोणीच नाही.”

सिनेमातल्या मुलाचं नाव सुरेश नव्हतं. सिनेमातल्या आईचे पाय चांगले धडधाकट होते. हॉलमधल्या प्रत्येकाने सिनेमा पाच मिनिटांपूर्वीच पाहिला होता. तरी देशमुखांनीही हरकत घेतली नाही. त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली होती.

म्हात्रे काकांकडेच बघत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “सांस्कृतिक, लिवून घ्या. यस्टी आली.”

मी लिहून घेतलं. लोक उठायला लागले, खुर्च्या सरकवायचा आवाज झाला. म्हात्रे मात्र जागचे हलले नाहीत. त्यांना अजून काहीतरी विचारायचं होतं.

“काका, मंग तो जेवला का नाय? एवढ्या लांबून आला तो.”

“जेवला,” काका म्हणाले. “त्याच्याबरोबर आईपण जेवली.”