नापासांचा सत्कार

आमच्या उदगीरच्या कॉलेजात गफूर सरांसमोर कुणाला 'हुशार' म्हणायची सोय नव्हती. ते गणित शिकवायचे, मी मराठी. एकदा स्टाफरूममध्ये मी एका मुलाला हुशार म्हणालो, तर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "हुशार नका म्हणू. बिघडंल तो. मेहनती म्हणा."

'मला डोकंच नाही' म्हणणाऱ्यांवर तर ते उखडायचेच. "डोकं काय आड हाय का, आटायला?" त्या साली गावातले सगळे आड आटलेले असल्यानं पोरांना मुद्दा लगेच कळायचा.

लातूर नवा जिल्हा झाला आणि सगळ्यांनाच सत्कारांचा नाद लागला. गुणवंतांना शाल-नारळ, वर साहेबांसोबत फोटो. गफूर सरांनी आपला वेगळाच सत्कार काढला. नापास होऊन पुन्हा फॉर्म भरणाऱ्याला भर वर्गात नारळ! मुलं लाजेनं अर्धमेली व्हायची. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

सुमन दुसऱ्यांदा गणितात नापास झाली आणि कॉलेजला यायची बंद झाली. सर स्वतःचाच नियम मोडून आगाऊ नारळ घेऊन तिच्या गावी निघाले. मलाही ओढलं. तिचे वडील दुष्काळी कामावरून नुकतेच आले होते, अंगावर खडीची धूळ. सरांनी त्यांच्या हातात नारळ ठेवला.

"नापास झाली की सर ती," ते गोंधळून म्हणाले.

"म्हणून तर आणलाय. पुन्हा बसवा तिला."

"डोकंच न्हाई पोरीला. उद्यापासून खडी फोडायला येती माझ्यासंगं."

सुमन दारामागं उभी होती. आता सर उखडणार, असं मला वाटलं. पण ते खाली बसले.

"माझ्या पोराला, अन्वरला, सगळे हुशार म्हणायचे. सगळ्यांत जास्ती मीच. एकदा नापास झाला, तर लोकांला तोंड कसं दाखवू म्हणून परत पेपरालाच बसला न्हाई. खोलीत कोंडून घेतलंय. तुमची पोरगी पडून पुन्हा बसली. लई मोठी गोष्ट हाय."

अन्वर हैदराबादला शिकतो, असं सर आम्हाला सांगत आले होते. मला फार वाईट वाटलं.

वडिलांनी नारळ हातात फिरवला. मग म्हणाले, "फॉर्म कवा भरायचा?"

परतताना एसटीत मी विचारलं, "हे अन्वरशी कधी बोललात?"

"रोज बोलतो," सर म्हणाले. "दाराच्या भाईरून."