आमच्या गोठ्यातला मंगळ

म्हशी इकल्यापास्नं रिकामा पडलेला आमचा माले गावातला गोठा हाय ना, तितं सध्या मंगळ हाय. भाड्यानं.

परचुरे सर आमचे भाडेकरू. मंगळावर जाऊन वरसंच्या वरसं ऱ्हाणाऱ्यांचं घर कसं पायजे, ते आखत्यात. पुण्याचे, साठीतले, बायको वारलेली. हुरूप मात्र लगीनघरातल्या करवलीवानी. गोठ्यात त्यांनी तसं फळ्यांचं घर उभं केलंय. काय बी दिसलं की मापपट्टी भाईर. एकदा माझी परात मोजली आन् हिरमुसले. "वहिनी, ही आत मावत नाही. कणीक कशात मळायची?"

"भाईरनं मागवा की."

"वहिनी, तिथे दार उघडायची सोय नाही!" हे त्यांचं रोजचंच.

मागल्या महिन्यात परीक्षा ठरली. पंधरा दिस सरांनी आत एकटं कोंडून घ्यायचं. दार उघडलं न्हाई तरच त्यांचा आराखडा पुढं जाणार. कैक वरसं राबलेला माणूस, लई खुशीत आत गेला.

सासूबाईंना काय हे पटंना. शेजारी माणूस कोंडलेला आन् आपण जेवायचं? रोज दुपारी पत्र्यावर काठी वाजवून इचारायच्या, "सर, जेवला का?"

"मावशी, बोलायला बंदी आहे!"

"मंग बोलू नका. जेवला का, तेवढं सांगा."

आतनं एक ठोका यायचा. म्हंजे जेवले.

परीक्षा संपायला एक दिस ऱ्हायला आन् सासूबाई डोळं दावायला पौडला गेल्या. येतानाची यष्टी चुकली. मी रानात. दिस कलताना येऊन बघते, तर गोठ्याचं दार सताड उघडं आन् सर अनवाणी फाट्यावर, येणारी एकेक यष्टी बघत.

सासूबाई उतरल्या. "सर, भाईर कसं? परीक्षा?"

"गेली ती," सर म्हनाले. "आज काठी वाजली नाही. मावशी, तुम्ही जेवलात का?"

घरी ह्या माणसाला इचारणारं कुणी न्हाई, आन् त्यानं इचारावं असं बी कुणी न्हाई.

त्या सांजंला सर आमच्यातच जेवले. घास हातात तसाच, आन् एकदम उठले. "सापडलं, वहिनी! एकमेकांना विचारायची जागाच ठेवली नव्हती मी."

नव्या आराखड्यात निजायच्या खोल्यांची दारं समोरासमोर आलीत. परीक्षा परत हाय, आन् ह्या खेपंला आत दोघं लागत्यात. सासूबाईंनी लुगडी बांधून ठेवलीत. सरांनी एक फळी कापून माझ्या परातीला जागा केलीय.