सहाच्या बॅचची अकरा गाणी

सकाळी सहा वाजून एक मिनिटाने पहिलं गाणं सुरू झालं आणि ते चुकीचं होतं.

एका जागी रोवलेल्या वीस सायकलींवर वीस माणसं पेंगत बसली होती. समोरच्या चौथऱ्यावरच्या एकविसाव्या सायकलवर शिकवणारी ताई होती. "चला, पाय मोकळे करू या," असं हळुवार म्हणायला तिने तोंड उघडलं आणि स्पीकरमधून ड्रमचा भडिमार सुरू झाला. हे खरं तर नववं गाणं. जीव खाऊन पळायचं.

"ताई, आधी अंग गरम नाही करायचं?" पहिल्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरांनी ओरडून विचारलं.

"आज थेट!" ताई म्हणाली. "शरीराला धक्का द्यायचा!"

धक्का तिलाच बसला होता. शेवटच्या रांगेत, भिंतीकडेच्या सायकलवर जिमच्या मालकीणबाई होत्या. एरवी त्या दर मंगळवारी व्यायामाला यायच्या; आज निकाल द्यायला आल्या होत्या. सहाची बॅच ताईकडे ठेवायची की नव्या मास्तरला द्यायची, हे आज दहा वाजता ठरणार होतं. बॅच गेली तर ताईच्या वाट्याला दुपारी तीनची. तिला दोन माणसं येत, आणि त्यातलं एक एसीसाठी.

म्हणून तर ताई तीन आठवडे गाणी निवडत होती. जेवणाच्या टेबलावर चमचा आपटून ठोके मोजत होती. तिचा नवरा त्या ठोक्यांवर दात घासायला लागला होता. गाणं कानाला गोड लागलं म्हणून घ्यायचं नसतं, माणूस बघून घ्यायचं असतं, असं तिचं मत. कोण कुठे दमतं, कोण गुपचूप पेडल सैल करतं, सगळं तिने एका वहीत लिहिलं होतं. त्यावरून ही अकरा गाणी: सुरुवात, चढ, दम, धाव, पुन्हा चढ आणि शेवटी शांत.

दुसरं गाणं लागलं ते शेवटचं. मंद बासरी.

"झालं पण?" डॉक्टर खूश होऊन उतरले, त्यांनी सीट पुसली आणि बूट सोडायला घेतले.

ताईने हँडलला लावलेल्या फोनकडे पाहिलं. गाणी अ, आ, उ, क अशी ओळीने उभी होती. जगात असलं काम करणारा एकच माणूस तिला माहीत होता आणि तो तिच्याच घरात राहत होता.

सासरे छत्तीस वर्षं दफ्तरखान्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली औषधं मुदतीप्रमाणे आणि चपला मापाप्रमाणे लावल्या होत्या. घरातला टॅब आणि ताईचा फोन यांच्यावर गाण्यांचं खातं एकच. काल संध्याकाळी ती वैतागून म्हणाली होती, "बाबा, ही यादी काही नीट लागत नाही." बाबांनी ते मनावर घेतलं होतं.

तिने चढाचं गाणं वर ओढलं. ते पुन्हा खाली गेलं. पुन्हा ओढलं, पुन्हा गेलं. म्हणजे बाबा जागे होते.

एक पाय अनवाणी असलेल्या डॉक्टरांना तिने परत सायकलवर चढवलं आणि वर्गाला पाणी प्यायला लावून घाईघाईने निरोप पाठवला: "बाबा, यादी पहिल्यासारखी करा. वर्ग चालू आहे."

बाबा निरोपाला निरोपाने उत्तर देणाऱ्यातले नव्हते. त्यांनी फोन केला. ताई तो कापायला गेली. घामट अंगठा सरकला आणि बाबा चारही स्पीकरमधून बोलू लागले.

"अगं, पहिल्यासारखी म्हणजे कोणत्या तारखेसारखी? तीन आठवड्यांत एकवीस वेळा बदललीस तू. वही आहे माझ्यासमोर."

"बाबा, ठेवा फोन!"

"तसं कसं ठेवू? वाचतो, तू फक्त हो म्हण. एक नंबर, पाय मोकळे. दोन नंबर, चढ, साडेचार मिनिटं. जड ठेवायचं."

वर्गाला वाटलं, हाही नवा धक्का असेल. वीस हातांनी पेडल जड केली. बाबांचा आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा सपाट होता, आणि सपाट आवाजाला नाही म्हणणं अवघड असतं.

"फोन ठेवू नका हो बाबा!" मधल्या रांगेतून कोणीतरी धापा टाकत ओरडलं.

"कोण ते? बरं. चार नंबर, पुन्हा चढ. इथे शेरा आहे, दातवाले फसवतात, नजर ठेवणे."

वर्ग खदखदून हसला. डॉक्टर लाल झाले आणि पहिल्यांदाच खरोखर चढले.

"बाबा, शेरे नको!" ताई किंचाळली.

"शेऱ्याशिवाय नोंद अपुरी असते, सूनबाई. सात नंबर, दम. दहा नंबर, शेवटचा चढ, सहा मिनिटं. शेरा, मालकीणबाई इथे गळतात, मग रुमाल शोधायचं नाटक करतात."

हसणं तुटलं. वीस सायकलींची घरघर तेवढी उरली. मालकीणबाईंचा हात त्या वेळी खरोखरच रुमालाकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला, हँडल आवळलं आणि त्या उभ्या राहून पेडल मारू लागल्या. पुढची सहा मिनिटं त्या बसल्या नाहीत. त्यामुळे कोणालाच बसता आलं नाही.

पावणेसातला वर्ग संपला. लोक भिंती धरून बाहेर गेले. "असा घाम आयुष्यात गाळला नव्हता," असं डॉक्टर म्हणाले, पण ताईकडे न बघता.

मालकीणबाई सगळ्यांत शेवटी उतरल्या.

"त्या वहीत माझ्याबद्दल अजून काय आहे?"

"काही नाही मॅडम. फक्त गाण्यांचं."

"दहाला कळवते," म्हणून त्या एकेक पाय उचलत केबिनमध्ये गेल्या.

ताई खालच्या बाकावर येऊन बसली. वही तिने मनातल्या मनात चाळली. पान चार, पेडल सैल. पान अकरा, रुमाल. मग पान सतरा आठवलं. ते मालकीणबाईंनी तिची रजा नामंजूर केली त्या दिवशीचं होतं आणि त्यात गाण्याचा एकही शब्द नव्हता.

नऊ पन्नासला तिने घरी बाबांना फोन लावला. व्यस्त. दहाला निर्णय आला नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी तिने मालकीणबाईंना लावला. तोही व्यस्त. तेव्हा तिला आठवलं, कामावर लागताना फॉर्ममध्ये घरचा नंबर म्हणून तिने बाबांचाच दिला होता.

तिने नवऱ्याला फोन केला.

"बाबा कुठे आहेत?"

"फोनवर. कोणीतरी बाई आहेत, वीस मिनिटं चाललंय. बाबा फार खुशीत आहेत आज. म्हणतात, कामाची कदर करणारं माणूस भेटलं."

"वही कुठे आहे?"

"त्यांच्या मांडीवर. नावांची सूचीसुद्धा केलीय त्यांनी, कोण कुठल्या पानावर ते."

"काढून घे! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, काढून कशी घेऊ, ते वाचून दाखवतायत. थांब, थुंकी लावून पान उलटलं." नवऱ्याने वाकून पाहिलं असावं. "सोळा झालं."